तंजावरचे ताट आणि आपले ताट

 

यंदा मंडळाच्या बैठकीत महाप्रसादावर बरीच चर्चा झाली. काहींचे म्हणणे असे, की माणसे वाढली, हात कमी पडतात, तेव्हा सगळे जेवण कंत्राटदाराकडे द्यावे. सांबार-भात, पुरी-भाजी आणि एक गोड पदार्थ झाला की झाले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की पुरण, आमटी, ऋषीची भाजी आणि आंबील नसेल तर तो आपला उत्सव कसला? निर्णय कार्यकारिणी घेईलच. पण चर्चा ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न आला. ज्याला आपण वाडवडिलांचे ताट म्हणतो ते नेमके किती जुने आहे? आणि घरापासून इतक्या दूर आलेल्या मराठी माणसांनी ते यापूर्वी कसे सांभाळले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला पुण्याला जायला नको. गोल्डन रॉकहून ते पन्नास किलोमीटरवर, तंजावरला आहे. मी डिप्लोमा करून कारखान्यात लागलेला माणूस, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण नोकरीच्या निमित्ताने इथे राहताना, सुट्टीच्या दिवशी तंजावरला जाऊन-येऊन, आणि घरी मराठी बोलणाऱ्या तंजावरकर सहकाऱ्यांच्या पंगतीला बसून जे कळले ते इथे मांडतो.

मुदपाकखान्यासह आलेले राज्य

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे विजापूरकरांच्या फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. तेथून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे, कावेरीकाठी भोसल्यांचे राज्य होते. शेवटचे राजे दुसरे शिवाजी वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. बृहदीश्वराच्या देवळात गेलात तर तिथल्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास पाहायला मिळतो. तमिळ देशातल्या एवढ्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर ओळीमागून ओळ मराठी वाचताना ऊर भरून येतो.

राजाबरोबर शिपाई आले, कारकून आले, पुरोहित आणि कीर्तनकार आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या बायकामुले आली आणि चुलीही आल्या. राज्य गेले तरी यातली पुष्कळ घराणी इथेच राहिली. त्यांच्या दहा-बारा पिढ्या इथे झाल्या. त्यांचे शिक्षण तमिळमध्ये, व्यवहार तमिळमध्ये, पण घरात मराठीच. त्या मराठीला तमिळचा हेल आहे आणि आपल्याकडे मागे पडलेले काही शब्द तिच्यात अजून चालतात. त्यांच्या ताटाचेही तसेच झाले आहे.

स्वयंपाकाची लेखी नोंद

या घराण्यांचे आणि त्यांच्या राजांचे एक मोठे काम आपल्या ध्यानात येत नाही. त्यांनी स्वयंपाक लिहून ठेवला. सतराव्या शतकाच्या अखेरीस रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा त्यांना आश्रय होता. धान्ये, भाज्या, दूध-दही, पक्वान्ने, त्यांचे गुणदोष, जेवणाचे नियम असे सारे त्यात आहे. जिलबीची कृतीसुद्धा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

पुढे दुसरे सरफोजी राजे (१७९८ ते १८३२) झाले. सरस्वती महाल ग्रंथालय आज जगभर ओळखले जाते ते मुख्यत्वे त्यांच्यामुळे. त्यांच्या काळात राजवाड्यातल्या पाककृती मराठीत लिहिल्या गेल्या. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने ते पुस्तक ग्रंथालयाने छापलेही आहे. शरभेंद्र हे सरफोजी या नावाचेच संस्कृत रूप. महाराष्ट्रात लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. त्याच्या कितीतरी आधी मराठी स्वयंपाकाची नोंद तंजावरला झाली होती. मायभूमीपासून दूर गेलेल्या माणसाला विसरण्याची भीती जास्त वाटते, म्हणून तो लिहून ठेवतो, असे मला वाटते.

ड्रॉइंग तेच, मटेरियल वेगळे

आपल्या शॉपमध्ये ठरलेले मटेरियल मिळाले नाही तर मंजुरी घेऊन पर्यायी मटेरियल वापरतात. ड्रॉइंगवरचे महत्त्वाचे माप मात्र बदलता येत नाही. तंजावरच्या मराठी स्वयंपाकात मला हेच दिसले. त्याचे तीन प्रकार सांगतो.

पहिला प्रकार, नाव आणि पदार्थ दोन्ही टिकले. याचे उत्तम उदाहरण म्हणजे डांगर पचडी. भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून वर फोडणी द्यायची. आपल्याकडे जे उडदाचे डांगर करतात तेच हे. आज हा पदार्थ तंजावरकडच्या तमिळ घरांतही होतो, आणि करणाऱ्यांना हे नाव मराठी आहे याची कल्पनाही नसते.

दुसरा प्रकार, नाव टिकले पण पदार्थ बदलला. तमिळ घरांत कारल्याचे किंवा वांग्याचे ‘पिटलै’ करतात. हे आपल्या पिठल्याचेच नाव असे मानतात. पण त्यात बेसन कालवलेले नसते; तुरीची डाळ, चिंच, आणि भाजून वाटलेले मसाले व खोबरे असते. ‘रसवांगी’चेही तसेच. त्यातली वांगी तर आपण लगेच ओळखतो, पण चव मात्र पूर्णपणे कावेरीकाठची.

सांबाराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तंजावरच्या दरबारी आमटीत घालायला आमसुले नव्हती, म्हणून चिंच घातली आणि संभाजी महाराजांच्या नावावरून त्या आमटीला नाव पडले, असे सांगतात. याला त्या काळचा कागद कोणी दाखवलेला नाही, म्हणून ती कथा म्हणूनच सांगावी. पण तिच्यातला व्यवहार खरा आहे. कोकमाचे झाड कोकणातले आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे, तर चिंचेची झाडे इथे रस्तोरस्ती. आंबटपणा हवा हे ड्रॉइंगमधले माप; तो कशाने आणायचा हा मटेरियलचा प्रश्न.

तिसरा प्रकार, पदार्थ एकच पण नावे दोन. आपला उकडीचा मोदक आणि इथली कोळुकट्टै. तांदळाच्या पिठाची उकड, आत गूळ-खोबऱ्याचे सारण, वाफेवर शिजवणे, सगळे सारखे. सारणाला तमिळमध्ये ‘पूरणम्’ म्हणतात, म्हणजे आपले पुरणच. विनायक चतुर्थीला तिरुचीच्या रॉकफोर्टवर, पायथ्याच्या माणिक्क विनायकाला आणि वरच्या उच्चि पिळ्ळैयारला मिळून दीडशे किलोच्या कोळुकट्टैचा नैवेद्य होतो, प्रत्येकाला पंच्याहत्तर किलो. हा मोदक मराठ्यांनी इथे आणला असे मात्र कोणी समजू नये. ‘मदुरैक्कांची’ या संघमकालीन तमिळ काव्यात मदुरेच्या बाजारात मोदक विकणाऱ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे व्यंकोजी राजे येण्याआधी हजारावर वर्षे इथे मोदक होता. गणपतीबाप्पाला दोन्हीकडच्या लोकांनी एकच खाऊ द्यावा यात आनंद मानावा, श्रेयासाठी भांडू नये.

ऋषीच्या भाजीतले पाहुणे

आता आपल्या ताटातला सर्वांत जुना पदार्थ घेऊ. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, नांगरलेल्या जमिनीतले खायचे नाही असा नेम. परसात, बांधावर, कुंपणावर जे उगवते त्याची एकत्र भाजी करायची. अळू, सुरण, पडवळ, दोडका, भेंडी, लाल माठ, अंबाडी, कच्चे केळे, लाल भोपळा, मक्याचे कणीस. तेल-मसाला अगदी कमी. शेती सुरू होण्याआधीच्या माणसाचे जेवण आपण वर्षातून एकदा जेवतो, असे पुष्कळ जण सांगतात.

पण या यादीत दोन पाहुणे आहेत. मका आणि लाल भोपळा हे दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, आणि त्यानंतर पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर ही पिके आपल्याकडे येऊ लागली. हिरवी मिरचीही तशीच आली. आपल्या बाजारात तमिळ शब्द नीट ऐकले तर हा इतिहास कानावर पडतो. लाल भोपळ्याला इथे ‘परंगिक्काय’ म्हणतात, म्हणजे फिरंग्यांची भाजी. मिरचीला ‘मिळगाय’ म्हणतात, म्हणजे मिऱ्यासारखे तिखट फळ. कारण त्याआधी तिखटपणा मिऱ्याचाच होता. आपण मराठीत बटाटा म्हणतो तो पोर्तुगीज शब्द जसाच्या तसा घेतलेला. काजू आणि पावही तसेच.

हरतालिकेच्या उपासाला जो साबुदाणा आपण भिजवतो, त्याचीही तीच कथा. तो ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, आणि भारतात त्याचे कारखाने प्रथम १९४० नंतरच्या दशकात आपल्या शेजारच्या सेलम भागात सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा साबुदाणा बंद झाला, हे त्याचे कारण. आपल्या पणज्यांनी खिचडी केली असेल तर ती परदेशातून आलेल्या साबुदाण्याची.

हे सांगण्यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा हेतू नाही. उलट मला यातून धीर येतो. पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी आजीने अंगणातल्या वेलावरचा नवा भोपळा ऋषीच्या भाजीत प्रथम घातला असेल. तेव्हाही शेजारणीने नाक मुरडले असेल. पण नेम मोडला नाही: बैलाच्या श्रमाचे नाही, परसातले आहे. म्हणून भोपळा आत आला आणि आज तो पूर्वजांचा म्हणून मिरवतो.

आपल्या भगिनींसाठी सांगतो, तिरुचीत ही भाजी करणे मुळीच अवघड नाही. गांधी मार्केटमध्ये पुडलंगाय (पडवळ), पीर्कंगाय (दोडका), वेंडक्काय (भेंडी), वाळक्काय (कच्चे केळे), सेनैक्किळंगु (सुरण) आणि पुळिच्चक्कीरै (अंबाडी) सर्व मिळते. अडते ते अळूच्या पानांवर. इथे अळूचे कंद भरपूर, पाने विकायला फारशी येत नाहीत. कंद कुंडीत लावावेत, पावसाळ्यात पाने घरचीच मिळतात. परसातले खाण्याचा नेमही आपोआप पाळला जातो.

महालक्ष्मीची आंबील

माझे घर अकोला जिल्ह्यातले. विदर्भात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्मी म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, पडवळ घातलेली कढी, वडे, पुरणाचे दिवे आणि ज्वारीची आंबील. एवढ्या पक्वान्नांत आंबील म्हणजे अगदी साधी, ज्वारीच्या पिठाची ताकातली पेज. पण आमच्याकडे तिच्याशिवाय नैवेद्य पुरा होत नाही. लक्ष्मी श्रीमंताघरची असली तरी तिला शेतकऱ्याच्या रोजच्या धान्याची आठवण हवी, असे आई म्हणत असे.

इथे आल्यावर कळले, की आषाढाच्या सुमारास तमिळांच्या ‘आडी’ महिन्यात मारिअम्मनच्या देवळांतून नाचणीचे किंवा बाजरीचे आंबवलेले ‘कूळ’ वाटतात. देवी वेगळी, धान्य वेगळे, पण कल्पना आंबिलीचीच. आमच्या शेजारच्या पाटींना पहिल्या वर्षी आंबील दिली, तेव्हा त्यांनी ती लगेच ओळखली. पुरणपोळीचेही त्यांना नवल वाटले नाही, इथे बोळी दुकानातही मिळते. सोळा भाज्या मात्र त्यांनी मोजून पाहिल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. आईच्या हाताला माप होते, पण ते कागदावर नव्हते. तिला विचारले की ती सांगे, “अंदाजाने घाल रे.” शेवटी एका वर्षी सौभाग्यवतीने तिच्या शेजारी उभे राहून प्रत्येक गोष्ट आधी वाटीत घेऊन मग घालायला लावली आणि लिहून घेतली. पुढच्या वर्षी आई नव्हती. आज आमच्याकडे आंबील होते ती त्या एका कागदामुळे. ती अशी: ज्वारीचे पीठ (इथे ‘वेळ्ळै चोळम’ दळून आणावे) एक वाटी, आंबट ताक दोन वाट्या, रात्रभर भिजवणे. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण ढवळत ओतणे. मीठ, जिरे, किसलेले आले, सुक्या खोबऱ्याचे काप. दहा-बारा मिनिटे मंद आचेवर, गुठळी होऊ द्यायची नाही. गार झाल्यावर नैवेद्य.

छत्रातली मध्यरात्रीची घंटा

ताटाबरोबर पंगतीचाही विचार केला पाहिजे. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी अनेक छत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांतले प्रसिद्ध. १८०१ साली सरफोजी राजांनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचे वर्णन आहे. जो वाटसरू येईल त्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो, शिजवलेला भात मिळे. ज्याला तो चालत नसे त्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला औषध. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा करीत, की कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने येऊन जेवावे.

या वर्णनातला कोरडा शिधाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. शिजवलेले न चालण्याचे कारण बहुतेक वेळा सोवळे-ओवळे आणि जात हेच असे. आपल्या वाडवडिलांच्या पंगतीत भेद होते. कोणी आधी बसे, कोणी नंतर, कोणी अंगणात. तो भागही पूर्वजांचाच, पण तो आपण सांभाळायचा नाही. आपल्या महाप्रसादाला खलाशी, हेल्पर, सुपरवायझर आणि अधिकारी एकाच रांगेत केळीच्या पानावर बसतात, ही आपण ताटात घातलेली नवी भर आहे आणि मला ती पुरणपोळीपेक्षा मोलाची वाटते. घंटा मात्र जरूर उचलावी. शेवटची पंगत उठण्याआधी गेटवरच्या आणि रात्रपाळीच्या माणसांना एकदा हाक जावी.

मंडळापुढे दोन सूचना

तंजावरकरांना राज्य टिकवता आले नाही. पण ताट साडेतीनशे वर्षे टिकले. मला त्याची दोन कारणे दिसतात. सणाला तो पदार्थ घरात होत राहिला, मग सामान जे मिळेल ते असो. आणि तो कोणीतरी लिहून ठेवला. आपली तर बदलीची नोकरी. एक कुटुंब हुबळीला जाते, दुसरे खरगपूरला, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा पदार्थही जातो. मुले परप्रांतात शिकतात, तिकडेच लग्ने करतात. तंजावरला दहा-बारा पिढ्यांत जेवढे गेले नाही तेवढे आपल्याकडे एका पिढीत जाऊ शकते.

म्हणून पहिली सूचना. भात, वरण, पुऱ्या हे जड काम कंत्राटदाराला खुशाल द्यावे. त्यात कमीपणा नाही. पण दरवर्षी चार कुटुंबांनी आपल्या घरचा एकेक पदार्थ महाप्रसादात करावा. कोणाकडे कोकणातली ऋषीची भाजी, कोणाकडे खानदेशातले वांग्याचे भरीत, कोणाकडे विदर्भाची आंबील. चमचाभर का होईना, पण प्रत्येक पानावर यावा. तंजावरकर सहकाऱ्यांनाही डांगर पचडीसाठी आग्रहाने बोलवावे.

दुसरी सूचना, मंडळाने एक वही ठेवावी. पदार्थाचे नाव, कोणत्या गावचा, कोणत्या दिवशी करतात, साहित्य वाटीने आणि ग्रॅममध्ये, आणि इथे कशाच्या बदली काय घातले, एवढे पाच रकाने पुरेत. स्मरणिकेत दरवर्षी त्यातली दोन पाने छापावीत. ज्यांच्या घरी आई, सासूबाई, आजी आहेत त्यांनी या दिवाळीपर्यंत वाटी घेऊन त्यांच्या शेजारी उभे राहावे. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

बाप्पा सर्वांना सुबुद्धी, आरोग्य आणि भरल्या पानावर बसण्याचे भाग्य देवो.

गणपती बाप्पा मोरया!